फिन्सबरीचे न्हाणीघर : युद्धोत्तर लंडनमधील एका बरोची दैनंदिनी

१९५१ सालच्या एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये वीस वर्षांनंतर प्रथमच शिरगणती झाली. (१९४१ ची शिरगणती युद्धाने गिळली होती.) माणसे मोजता मोजता सरकारने या वेळी कुटुंबप्रमुखांना काही नवे प्रश्न विचारले. घरात नळाचे पाणी आहे काय? स्वयंपाकाची शेगडी? मोरी? संडास? अंघोळीसाठी कायमचे बसवलेले टब? आणि यांतल्या कोणत्या सोयी तुमच्या एकट्याच्या, कोणत्या शेजाऱ्यांबरोबर सामाईक? उत्तरे हिशेबात मांडली तेव्हा इंग्लंड आणि वेल्समधील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कुटुंबांपाशी असे टब नसल्याचे निष्पन्न झाले. सहा वर्षांपूर्वी महायुद्ध जिंकलेल्या आणि चार वर्षांपूर्वीपर्यंत आपल्यावर राज्य करणाऱ्या देशाची ही गोष्ट आहे. आपल्याकडच्या साहेबाच्या बंगल्यातले न्हाणीघर पाहून ज्यांनी विलायतेची कल्पना केली असेल, त्यांना ही आकडेवारी थोडी विचारात पाडेल.

इंग्लंडचा इतिहास मराठी वाचकाला पार्लमेंटच्या बाजूने ठाऊक असतो. चर्चिल हरले, ॲटली आले, हिंदुस्थान स्वतंत्र झाला, राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. ही सारी वाक्ये खरी आहेत, पण ती वरून लिहिलेली आहेत. १९४५ नंतरच्या लंडनमध्ये एखाद्या गृहिणीच्या दिवसात जे बदलले, ते पार्लमेंटने बदलले की तिच्या वस्तीतल्या कौन्सिलने, हा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही फिन्सबरी हा एकच बरो निवडला आहे. तो लहान आहे, त्याची कहाणी पुष्कळशी नोंदलेली आहे, आणि त्या कहाणीत आपल्याकडची दोन माणसे येतात.

'बरो' म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केलेले बरे. १८९९ च्या कायद्याने लंडन परगण्याचे अठ्ठावीस नगरविभाग पाडण्यात आले. प्रत्येकाला स्वतःचे निवडून आलेले कौन्सिल, स्वतःचा मेयर, स्वतःचा टाउन हॉल मिळाला. त्यांच्या डोक्यावर लंडन काउंटी कौन्सिल ही थोरली संस्था होती. शाळा, मोठी गटारे, अग्निशमन आणि मोठ्या बागा तिच्याकडे. कचरा उचलणे, रस्ते झाडणे, दिवाबत्ती, ग्रंथालये, सार्वजनिक स्नानगृहे, घरांची आणि अन्नाची आरोग्यतपासणी हे बरोकडे. घरे दोघीही बांधत. घरपट्टी गोळा करण्याचे अप्रिय काम मात्र बरोचे. थोरल्या संस्थेचा वाटाही धाकटीनेच लोकांकडून मागून आणायचा. कोणत्याही एकत्र कुटुंबात असे काम कोणाच्या वाट्याला येते हे सांगायला नको.

फिन्सबरी हा या अठ्ठाविसांतील अगदी लहानांपैकी एक. क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस मैल. दक्षिणेला 'सिटी' म्हणजे पेढ्यांचे आणि विमाकंपन्यांचे लंडन, उत्तरेला इझलिंग्टन. मधल्या भागात क्लार्कनवेलचे घड्याळजी, छापखाने, कोठारे, मद्यभट्ट्या, आणि त्यांच्या फटींतून राहणारी माणसे. १९०१ साली या चौरस मैलात एक लाखाहून अधिक लोक होते. १९५१ साली उरले पस्तीस हजारांच्या आसपास. पन्नास वर्षांत दोनतृतीयांश वस्ती ओसरली. काही कोठारांनी आणि कचेऱ्यांनी हटवली, काही उपनगरांनी ओढली, आणि उरलेले काम १९४० नंतरच्या बाँबफेकीने केले. सिटीलगतचा दक्षिणेकडचा पट्टा तर इतका उद्ध्वस्त झाला, की युद्धानंतर कित्येक वर्षे तिथे तळघरांच्या उघड्या खड्ड्यांत रानफुले उगवत होती. याच पट्ट्यात पुढे सिटीच्या महापालिकेने गोल्डन लेन वसाहत बांधली.

याच फिन्सबरीच्या मध्य मतदारसंघातून १८९२ साली दादाभाई नौरोजी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांच्या आघाडीने पार्लमेंटवर निवडून गेले होते, हे आपण शाळेत वाचलेले असते. फिन्सबरीच्या टाउन हॉलमध्ये बसलेला दुसरा हिंदी मनुष्य मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही. डॉ. चुनीलाल कटियाल हे पंजाबी डॉक्टर. पूर्व लंडनच्या कॅनिंग टाउनमध्ये गोदी कामगारांच्या वस्तीत त्यांचा दवाखाना होता. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गांधीजी आले असता चार्ली चॅप्लिन त्यांना भेटला, ती भेट कटियालांच्याच घरी झाली. पुढे ते फिन्सबरीत आले. १९३४ साली मजूर पक्षाने तिथले कौन्सिल जिंकले, त्यात ते नगरसेवक होते. सार्वजनिक आरोग्य समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि १९३८ साली ते मेयर झाले. या योगायोगावर देशाभिमानाचे निबंध लिहिता येतील, नव्हे लिहिले गेले आहेत. आम्हांला त्यांच्या मेयरपदापेक्षा आरोग्य समितीचे अध्यक्षपद अधिक मोलाचे वाटते. मेयरच्या गळ्यात साखळी असते. समितीच्या अध्यक्षाच्या हातात अंदाजपत्रक असते.

त्या अंदाजपत्रकातून पाइन स्ट्रीटवर फिन्सबरी आरोग्य केंद्र उभे राहिले. ऑक्टोबर १९३८ मध्ये ते सुरू झाले. वास्तुकार बर्थोल्ड ल्युबेटकिन आणि त्याची 'टेक्टन' ही मंडळी. ल्युबेटकिन जॉर्जियात जन्मलेला, रशियन क्रांती डोळ्यांनी पाहिलेला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पेंग्विनांसाठी त्याने बांधलेला तलाव तेव्हा गाजत होता. पेंग्विनांना आधी आधुनिक निवारा मिळाला आणि क्षयरोग्यांना नंतर, असा टोमणा कोणी मारला असल्यास तो अनाठायी म्हणता येणार नाही. केंद्रापूर्वी बरोच्या आरोग्यसेवा ठिकठिकाणी विखुरलेल्या होत्या. आता क्षयाचा दवाखाना, दातांचा दवाखाना, पायांच्या दुखण्यांचा दवाखाना, स्त्रिया आणि बालकांची तपासणी, व्याख्यानगृह हे सारे एका छपराखाली आले. दोन हात पुढे पसरून आलेल्याला आत घेणारी ती इमारत. आत काचेच्या विटांतून येणारा उजेड, आणि ओळीने मांडलेल्या बाकांऐवजी क्लबातल्यासारख्या सुट्या खुर्च्या. रोग्याला अर्जदारासारखे बसवायचे नाही, हा त्यामागचा हेतू. सामान्य माणसांच्या बाबतीत 'हे त्यांच्यासाठी जरा जास्तच चांगले' असे कधी होत नाही, हे ल्युबेटकिनच्या नावावर सांगितले जाणारे मत तेथे खुर्च्यांच्या मांडणीतही दिसत होते.

तळघरात मात्र वेगळेच काम चाले. एका बाजूला शवागार. दुसऱ्या बाजूला गाद्या, अंथरुणे, कपडे वाफेने निर्जंतुक करण्याची यंत्रे, आणि घरात ढेकूण मारण्याचे काम चालू असताना त्या कुटुंबाला तात्पुरते राहता यावे म्हणून खोल्या. ढेकूण ही गोष्ट इतिहासाच्या ग्रंथांत सहसा शिरत नाही. पण त्या काळच्या गरीब लंडनमध्ये घर बदलणे म्हणजे ढेकणांसकट बदलणे. नव्या कौन्सिलच्या घरात जाण्यापूर्वी आपले सामान निर्जंतुक करून घ्यावे लागणे कित्येकांना अपमानास्पद वाटे. शेजारणींच्या डोळ्यांदेखत आपल्या गाद्या कौन्सिलच्या गाडीत चढताना पाहणे हे काही सुखाचे दृश्य नव्हे. वरच्या मजल्यावर सन्मानाची खुर्ची आणि तळघरात गाद्यांची झाडाझडती, या दोन्ही गोष्टी एकाच कौन्सिलच्या, एकाच हेतूने केलेल्या. स्थानिक कल्याणकार्याचा हा दुहेरी स्वभाव पुढेही सुटत नाही.

१९४२ साली सैनिकांसाठी चित्रकार एब्रम गेम्स याने एक भित्तिपत्रक काढले. मागे पडकी भिंत, तिच्याआड मुडदूस झालेले मूल, आणि पुढे लख्ख उजेडात फिन्सबरीचे आरोग्य केंद्र: लढायचे ते या ब्रिटनसाठी. चर्चिलला ते रुचले नाही आणि भित्तिपत्रक मागे घेण्यात आले. आपल्या देशात मुडदूस आहे हे सैनिकांना दाखवणे त्याला बदनामी वाटली. ते पत्रक पाहिलेले वा न पाहिलेले सैनिक १९४५ साली मतदानाला गेले, आणि पुढचे सर्वश्रुत आहे.

युद्ध संपले तेव्हा फिन्सबरीच्या कौन्सिलसमोर पहिला प्रश्न छपराचा होता. रिकामी खासगी घरे ताब्यात घेऊन बेघरांना देण्याचा अधिकार युद्धकाळात बरोंना मिळाला होता; तो लंडनमध्ये इतका अपरिहार्य ठरला, की अशी ताब्यातली घरे सोडून देण्याची अखेरची मुदत १९६० पर्यंत लांबली. एकेका जुन्या घरात तीन-तीन कुटुंबे, जिन्याच्या वळणावर एक शेगडी, खाली अंगणात एक संडास. शिधापत्रिका होतीच. युद्धात कधी न झालेले पावाचे रेशनिंग १९४६ च्या जुलैत सुरू झाले आणि दोन वर्षे चालले. मांस १९५४ च्या जुलैत मोकळे झाले, आणि कोळसा तर १९५८ पर्यंत नियंत्रणाखाली होता. १९४७ च्या हिवाळ्यात जानेवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत बर्फ पडत राहिला, कोळसा खाणीतून शहरात पोचेना, आणि सरकारने दिवसातून पाच तास घरगुती वीज बंद ठेवली. ही सारी संकटे राष्ट्रीय, पण त्यांच्या तक्रारी घेऊन लोक जात ते रोझबरी ॲव्हेन्यूवरच्या टाउन हॉलमध्ये. बरोचे मोल आणि बरोची शोकांतिका दोन्ही यात आहेत. तो हाकेच्या अंतरावर होता. म्हणून जे त्याच्या हातात नव्हते त्याचाही जाब त्याला द्यावा लागे.

त्याच रोझबरी ॲव्हेन्यूवर, सॅडलर्स वेल्स नाट्यगृहासमोर, १९४६ च्या जुलैत आरोग्य आणि गृहनिर्माण दोन्ही खाती सांभाळणाऱ्या अन्यूरिन बेव्हनने स्पा ग्रीन वसाहतीची कोनशिला बसवली. आराखडा युद्धापूर्वीचाच, ल्युबेटकिनचा; युद्धाने तो आठ वर्षे कपाटात ठेवला होता. १९४९ साली वसाहत पुरी झाली. दोन आठमजली सरळ इमारती आणि एक ठेंगणी, सापासारखी वळणारी. अभियंता ओव्ह अरुप याने काँक्रीटच्या पेट्या रचाव्यात तशी बांधणी योजली, त्यामुळे खोल्यांत मध्येच घुसणारे खांब आणि तुळया गेल्या. लिफ्ट होती. स्वयंपाकघर बसवलेले होते. अंघोळीचे टब अर्थातच होते, आणि १९५१ च्या शिरगणतीवाल्याला इथल्या गृहिणींनी 'सामाईक नाही, आमचे एकटीचे' असे सांगितले असेल तेव्हा त्यात थोडा ठसका असणारच.

वास्तुशास्त्राचे अभ्यासक या इमारतींच्या दर्शनी नक्षीवर पुष्कळ लिहितात. आम्हांला दोन बारीकसारीक गोष्टींवर थांबावेसे वाटते. पहिली, कचरा. मोरीखाली 'गार्शे' नावाची फ्रेंच यंत्रणा बसवली होती. स्वयंपाकघरातला ओला-सुका कचरा मोरीतच टाकायचा, पाण्याच्या लोटाने तो रुंद नळातून खाली जायचा. आठव्या मजल्यावरून कचऱ्याचा डबा घेऊन उतरणे संपले. दुसरी, वाळत घालणे. लंडनच्या दमट काजळीभरल्या हवेत कपडे वाळवणे ही बायकांची रोजची लढाई होती. स्पा ग्रीनच्या गच्चीवर विमानाच्या पंखासारखे वळवलेले छत घातले आहे, ते वारा ओढून घेऊन वाळत घातलेल्या कपड्यांवरून वाहून नेण्यासाठी. दुरून पाहणाऱ्याला ते शिल्प वाटते. ते दोरीवरच्या चादरींसाठी केलेले आहे. विमानाचे शास्त्र धुण्यासाठी वापरावे असे ज्या कौन्सिलला वाटले, त्या कौन्सिलविषयी आमचे मत आपोआप चांगले होते. (चाळीच्या गॅलरीत पावसाळाभर ओले कपडे हुंगत वाढलेल्या वाचकांना याचे अधिक स्पष्टीकरण नको.)

पण अशी घरे किती? स्पा ग्रीनमध्ये सव्वाशेच्या घरात. त्यानंतरची प्रायरी ग्रीन वसाहत बरीच मोठी, ती १९५७ पर्यंत बांधली जात होती. बाकीचे फिन्सबरी जुन्या घरांतच होते, आणि तिथे अंघोळ ही घराबाहेर जाऊन करण्याची गोष्ट होती.

म्हणून आमच्या दृष्टीने या बरोचे खरे मध्यवर्ती स्थान टाउन हॉल नव्हे, आरोग्य केंद्रही नव्हे. ते आयर्नमंगर रो या गल्लीतले स्नानगृह. १९३१ साली ते सुरू झाले. १९३८ मध्ये पोहण्याचा तलाव आणि तुर्की पद्धतीचे बाष्पस्नान त्याला जोडले गेले. आज लोक तलावासाठी जातात. तेव्हा लोक जात ते 'स्लिपर बाथ'साठी. एका टोकाला झाकण घातल्याने चपलेसारखे दिसणारे टब, म्हणून हे नाव. पुढे साध्या टबांनाही तेच चिकटले. पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या वेगळ्या रांगा. थोडी पेनी देऊन तिकीट घ्यायचे, आपला क्रमांक येईपर्यंत बाकावर बसायचे. अशा बहुतेक स्नानगृहांत नळाची किल्ली बाहेर सेवकाच्या हातात असे. आतल्याने ओरडून सांगायचे: अमक्या क्रमांकात गरम पाणी सोडा! सेवकाची मर्जी असेल तर पाणी गरम, नसेल तर शेजारच्या खोलीत सोडल्याच्या हिशेबाने तुम्ही थंड. शनिवारी संध्याकाळी गर्दी सर्वांत मोठी. आठवड्यातून एक अंघोळ हा नियम गरिबीचा होता, आळसाचा नव्हे; घरी पाणी तापवायचे म्हणजे कोळसा जाळायचा, आणि कोळसा मोजून मिळत होता.

त्याच इमारतीत सार्वजनिक धुलाईघर होते. मुलाच्या बाबागाडीत आठवड्याचे धुणे भरून बायका येत. गरम पाण्याच्या कुंड्या, पिळण्याची यंत्रे, आणि भिंतीतून ओढून काढायचे वाळवणाचे तापते कप्पे. १८४६ च्या कायद्याने इंग्लंडात स्थानिक संस्थांना अशी धुलाईघरे बांधण्याची मुभा मिळाली, त्याला तेव्हा शंभर वर्षे होऊन गेली होती. १९४९ च्या मे महिन्यात बेझवॉटर भागात नाणे टाकून यंत्र चालवण्याचे ब्रिटनमधले पहिले खासगी धुलाईदुकान निघाले, तेव्हा हे सारे जुनाट होऊन लवकरच बंद पडेल असे कोणालाही वाटले असते. बहुतेक ठिकाणी ते पडलेही. परंतु धुलाईघर हे नुसते धुण्याचे ठिकाण नव्हते. कोणाच्या नवऱ्याची नोकरी गेली, कोणाची मुलगी कोठे राहायला गेली, कौन्सिलच्या यादीत कोणाचा क्रमांक वर सरकला आणि का, याची चर्चा तेथे होई. आपल्या विहिरीच्या काठावर जे होत असे तेच. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या यंग आणि विलमॉट यांच्या पूर्व लंडनविषयीच्या प्रसिद्ध अभ्यासात बेथनल ग्रीनमधल्या आया-लेकींचे असेच दाट जाळे दाखवले आहे, आणि शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत गेल्यावर ते कसे विरले तेही. स्पा ग्रीनच्या स्वयंपाकघरात एकटीने धुणाऱ्या बाईला वेळ वाचल्याचा आनंद झाला असेल यात शंका नाही. पण धुलाईघराची हुरहूर लावून घेणारे लेखक बहुधा पुरुष असतात, आणि त्यांनी ओल्या चादरी पिळलेल्या नसतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

*

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. कोणीही कोणत्याही डॉक्टरकडे जावे, पैसे नकोत. विसाव्या शतकात कोणत्याही लोकशाही राज्याने केलेल्या थोर कामांत आम्ही याची गणना करतो, आणि पुढचे वाचताना वाचकांनी हे विसरू नये.

त्याच दिवशी फिन्सबरीच्या कौन्सिलने आपले आरोग्य केंद्र गमावले. नव्या कायद्याने माता-बालकांची तपासणी आणि तत्सम वैयक्तिक आरोग्यसेवा बरोंकडून काढून काउंटी कौन्सिलकडे सोपवल्या होत्या. विरोधाभास असा, की याच कायद्यात देशभर आरोग्य केंद्रे उभारण्याची कल्पना होती, आणि तिचा जिवंत नमुना म्हणून लोक फिन्सबरीकडे बोट दाखवीत. नमुना घेतला, ज्याने तो केला त्याच्या हातून मात्र तो काढून घेतला. शिवाय नव्या केंद्रांची बांधणी पैशाअभावी पुढे ढकलली गेली, आणि पुढची कितीतरी वर्षे अशी केंद्रे देशात अगदी मोजकी होती. बरोच्या हातात उरली नाली, उंदीर, ढेकूण आणि दूधतपासणी. ज्या समितीच्या अध्यक्षाला एके काळी बालमृत्यूचा विचार करावा लागे, तिच्यापुढे आता मुख्यतः निरीक्षकांचे अहवाल येऊ लागले.

यात कोणी खलनायक नाही. बेव्हनचा युक्तिवाद सबळ होता: फिन्सबरीत कटियाल होते, पण ज्या बरोत कटियाल नव्हते तिथल्या क्षयरोग्याने काय करायचे? उपचार हा निवडणुकीतल्या नशिबावर अवलंबून का असावा? आम्हांला हा युक्तिवाद खोडता येत नाही. तरीही काहीतरी गेले, असे वाटत राहते. पाइन स्ट्रीटच्या केंद्राबद्दल तक्रार असेल तर ज्याला मत दिले तो नगरसेवक दोन गल्ल्यांपलीकडे राहत होता. १९४८ नंतर तो रस्ता थेम्सच्या पलीकडच्या तीरावर काउंटी हॉलमध्ये गेला आणि तिथून मंत्रालयाकडे. समता आली, जवळीक गेली. दोन्ही एकत्र ठेवण्याची युक्ती ब्रिटनला तेव्हा सापडली नाही. आपल्याला सापडली आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

कटियाल स्वतः त्याच १९४८ साली हिंदुस्थानात परतले, आणि इथे या कहाणीचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. कामगारांच्या आरोग्यविम्यासंबंधी प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली दिलेल्या अहवालातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आकाराला आला होता. त्याखालच्या महामंडळाचे पहिले महासंचालक म्हणून कटियालांची नेमणूक झाली. फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, आणि पुढे ती मुंबईच्या गिरणगावापर्यंत आली. 'ई.एस.आय.चे कार्ड' ही वस्तू गिरणी कामगारांच्या घरांत रेशनकार्डाशेजारी ठेवलेली असे. त्या दवाखान्यांतल्या रांगा, औषधांचा तुटवडा, बाटली घरून आणण्याची सक्ती, यांविषयी लालबाग-परळमध्ये चांगले बोलणारे थोडेच भेटतील. सुट्या खुर्च्यांचा तो दिवाणखाना समुद्र ओलांडून आला नाही. कल्पना प्रवास करतात. अंदाजपत्रके करीत नाहीत.

इकडे फिन्सबरीत पैसा आटत होता. होलफर्ड स्क्वेअरची कहाणी त्याची उत्तम साक्ष आहे. १९०२-०३ मध्ये लेनिन त्या चौकातल्या ३० क्रमांकाच्या घरात भाड्याने राहिला होता. १९४२ साली, रशिया दोस्त असताना, कौन्सिलने तिथे लेनिनचे स्मारक उभारले, रचना ल्युबेटकिनचीच. त्यावर वारंवार हल्ले होऊ लागले, तेव्हा अर्धपुतळ्याला पोलिस पहारा द्यावा लागला. युद्धानंतर त्या उद्ध्वस्त चौकात नवी वसाहत बांधायचे ठरले, तिचे नाव 'लेनिन कोर्ट' ठेवण्याचा बेत होता. १९५४ साली ती पुरी होईपर्यंत शीतयुद्ध पेटले होते, आणि इमारतीचे नाव झाले 'बेव्हिन कोर्ट', कम्युनिस्टांचा कडवा विरोधक असलेल्या परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिनच्या नावाने. जुन्या पाटीतली दोनच अक्षरे बदलावी लागली, असा विनोद तेव्हापासून सांगितला जातो. स्मारक ल्युबेटकिनने इमारतीच्या मध्यवर्ती जिन्याखाली पुरले असेही सांगतात. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने पुतळ्यापेक्षा जे बांधलेच गेले नाही ते महत्त्वाचे. काटकसरीत घरांच्या बाल्कन्या गेल्या, बालवाडी गेली, समाजमंदिर गेले. उरला तो तीन हात पसरलेला एक सांगाडा आणि त्याच्या मधोमध एक विलक्षण सुंदर जिना. पैसे संपल्यावर ल्युबेटकिनने सारी श्रीमंती जिन्यात ओतली. कारण जिना कोणालाही वगळता येत नाही.

१९५१ नंतरचे हुजूर पक्षाचे सरकार घरांच्या संख्येच्या मागे लागले. वर्षाला तीन लाख घरे हे त्यांचे वचन, आणि मॅकमिलनने ते पाळलेही. पण बेव्हनच्या काळातील प्रशस्त मापे आखडून. १९५६ च्या कायद्याने तर इमारत जितकी उंच तितके सरकारी अनुदान अधिक, असे सूत्र घातले. लहान बरोला याचा मोह होणारच. फिन्सबरीत जमीन नव्हती, यादी लांब होती, आणि आकाशावर घरपट्टी नव्हती. यादीत कोणाला स्थान मिळे, हाही प्रश्न होताच. किती माणसे, किती खोल्या, आजार, युद्धात घर पडले काय, आणि लंडनमध्ये किती वर्षे राहता. शेवटची अट वरकरणी निरुपद्रवी. पण पन्नाशीच्या दशकात वेस्ट इंडीजमधून आणि आपल्याकडून आलेल्या माणसाला तीच अट सर्वाधिक जाचे. तोवर त्याला खासगी घरमालकाच्या दारावरच्या पाट्या वाचत हिंडावे लागे. कल्याणकारी कौन्सिलच्या दाराला उंबरठा होता, आणि तो सगळ्यांना सारखा उंच नव्हता.

डिसेंबर १९५२ मधील त्या काळ्या धुक्याचा उल्लेख टाळता येणार नाही. ५ ते ९ तारखेपर्यंत लंडन कोळशाच्या धुरात बुडाले. चार हजार माणसे दगावली असा तेव्हाचा अंदाज. नंतरच्या संशोधकांनी तो बारा हजारांपर्यंत नेला. फिन्सबरीतल्या सॅडलर्स वेल्समध्ये ८ तारखेच्या रात्री 'ला त्राव्हियाता' हा ऑपेरा चालू होता. धुके आत शिरले, रंगमंच दिसेना, प्रेक्षक खोकू लागले, आणि पहिल्या अंकानंतर खेळ थांबवावा लागला. क्षयाने मरणाऱ्या नायिकेच्या खेळात श्रोत्यांच्या खोकल्याने पडदा पडावा, हे कोणा नाटककाराने लिहिले असते तर आम्ही त्याला भडक म्हटले असते.

या आपत्तीने बरोंना मात्र पुन्हा एक खरे काम दिले. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्याने धूरबंदीचे विभाग आखण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला. कोणत्या गल्लीत कधीपासून साधा कोळसा जाळायचा नाही, हे त्यांनी ठरवायचे. चुली बदलण्याच्या खर्चाचा मोठा वाटा सार्वजनिक निधीतून द्यायचा. सॅनिटरी इन्स्पेक्टरचे पद त्याच वर्षी 'सार्वजनिक आरोग्य निरीक्षक' झाले. तो घरोघर जाऊन शेगड्या मोजू लागला. लोकांना आपली उघडी आग प्रिय होती. ती विझवायला सांगणारा माणूस प्रिय असणे शक्य नव्हते. परंतु आज लंडनच्या आकाशात जे दिसते ते या अप्रिय माणसाच्या वहीतून आले आहे. या निरीक्षकांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत.

१ एप्रिल १९६५ रोजी लंडनची फेररचना झाली आणि फिन्सबरीचा बरो इझलिंग्टनमध्ये विलीन झाला. पासष्ट वर्षे वयाची एक नगरसंस्था संपली. कारणे कार्यक्षमतेची होती आणि ती बहुतांशी पटणारी होती. बत्तीस-तेहतीस हजारांच्या वस्तीला स्वतंत्र मेयर कशाला, या प्रश्नाला भावनेपलीकडे उत्तर नव्हते. रोझबरी ॲव्हेन्यूवरचा टाउन हॉल पुढे नृत्यशाळेकडे गेला. स्पा ग्रीनला १९९८ साली वारसा वास्तूंच्या वरच्या श्रेणीत स्थान मिळाले. लेनिनचा तो अर्धपुतळा इझलिंग्टनच्या संग्रहालयात आहे. पाइन स्ट्रीटचे आरोग्य केंद्रही वारसा यादीत आहे, आणि तरीही, किंवा त्यामुळेच, त्याची देखभाल परवडत नाही म्हणून ते विकण्याचा विचार या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस पुढे आला. वस्तीतल्या लोकांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली. लोकांचे म्हणणे साधे होते: वास्तू जतन करा असे आम्ही म्हणत नाही, दवाखाना चालू ठेवा असे म्हणतो.

आयर्नमंगर रोचे स्नानगृह २०१० नंतर दोन वर्षे दुरुस्तीसाठी बंद होते. २०१२ मध्ये ते उघडले तेव्हा तलाव नवा झाला होता आणि बाष्पस्नानाच्या जागी आलिशान 'स्पा' आला होता. सार्वजनिक धुलाईघर मात्र कायम ठेवण्यात आले. तिथे अजूनही लोक पिशव्या भरून धुणे आणतात.